घरी येऊन सांगीन

बब्रुवानदादाच्या रक्तात कावीळ ‘ब’चा विषाणू आहे, हे मला तो मरायच्या चौदा वर्षं आधीपासून माहीत होतं. त्याच्याविषयीची ही गोष्ट आपल्याला माहीत आहे आणि त्याला नाही, याचं मला सुख वाटत होतं. यातली पहिली गोष्ट मी त्याच्या बायकोला सांगितली, तीही तो गेल्यावर. दुसरी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं त्या सरांना तर नाहीच. दादाला जाऊन आता सहा आठवडे झाले. या पुरवणीत मी अधूनमधून विज्ञानावर लिहितो, म्हणून संपादकांनी विचारलं, ‘भावावर काही लिहिणार का?’ एक भाऊ खव्याची भट्टी चालवणारा, दुसरा शास्त्रज्ञ... काहीतरी गोड येईल असं त्यांना वाटलं असावं. गोड काही नाही यात. वाचणाऱ्यानं हवं तर इथंच थांबावं.

बातमी आली तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतो. दादाच्या मुलीचा, रोहिणीचा फोन. “काका, पप्पा गेले. सकाळी,” एवढं बोलून तिनं ठेवून दिला. मी पोरांना बेडकाच्या हृदयाचे कप्पे समजावून सांगत होतो. फोन खिशात ठेवला आणि उरलेले दोन कप्पे सांगून टाकले. आवाज कापला नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा आवाज फार पक्का झालेला आहे.

दादा माझा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा. आमचं गाव भूमपासून एसटीनं वीस मिनिटांवर. पाऊस कमी, रान मुरमाड, म्हणून दावणीला म्हशी आणि गावात खव्याच्या भट्ट्या. वाटणी झाली तेव्हा भट्टी दादाकडं गेली आणि ती नेमकी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. माझ्या आईला दमा. दिवसभर कढईखाली बाभळीची लाकडं जळायची आणि इकडं आई उंबऱ्यात बसून भात्यासारखी छाती हलवायची. दोनदा सांगून पाहिलं. “चुलती दमते म्हणून म्या दूध कच्चं इकू व्हय?” असं दादा म्हणाला. तिसऱ्या वेळी मी सांगितलं नाही, ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. तेव्हा मी पुण्यात शिकत होतो, भाषा चांगली तयार झाली होती. धुरातले घातक कण, श्वसनमार्ग, सार्वजनिक आरोग्य, सगळं त्यात घातलं. महिनाभर भट्टी बंद राहिली आणि मग त्याला ती गावाबाहेर रस्त्याकडेला न्यावी लागली. तो पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, “शिकून आला आन भावाच्याच घरचा धूर मोजला!” लोक हसले. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांत पाण्याचा तांब्यासुद्धा इकडचा तिकडं झाला नाही. लग्नाच्या पंगतीत आमच्या माणसांच्या ओळी वेगळ्या बसायच्या. आई माझ्या बाजूनं होती, तरी मरेपर्यंत म्हणत राहिली, “धूर चालला असता रे, अबोला नको होता.” मला तेव्हा तिचाही राग यायचा.

पुण्यात मी ज्यावर काम करत होतो ते थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच निघालं. आपल्या पेशींत मायक्रोआरएनए नावाचे फार आखूड धागे असतात, जेमतेम बावीस-तेवीस अक्षरांएवढे. पेशीत प्रथिनं बनवण्याचे निरोप सतत फिरत असतात. हे धागे त्या निरोपांना जाऊन चिकटतात आणि निरोप तिथंच अडतो. कुठलं प्रथिन किती बनावं याला त्यामुळं लगाम राहतो. यकृताचा कर्करोग होतो तेव्हा यातले काही धागे कमी होतात, काही भलतेच वाढतात. आमची आशा अशी, की जे कमी झाले ते बाहेरून परत द्यायचे, जे वाढले त्यांना बांधून टाकायचं, आणि तेही फक्त यकृतात. बाकी शरीराला धक्का न लावता. हे तपासायला आधी रोगी माणसांचं आणि निरोगी माणसांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून बघावं लागतं. रोग्यांचं रक्त दवाखान्यातून मिळत होतं. निरोगी माणसांचं मिळेना. तेव्हा मी सरांना म्हणालो, माझं गाव देईल.

देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलं. रक्त काढायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. संमतीच्या अर्जाचं मराठी मी केलं होतं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचूनही मीच दाखवलं. गावात त्या दिवशी खंडोबाची जत्रा, त्यामुळं पाहुणेरावळेही हात पुढं करत होते. आपल्या रक्तावर पुण्यात अभ्यास होणार याचं लोकांना अप्रूप होतं. आणि रांगेत दादा! तो बाही वर करून समोरच्या खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, “काय सायेब, वैऱ्याचं रगत चालतंय का तुमच्यात?”

“चालतं,” मी म्हणालो. “लाल असलं म्हणजे झालं.”

“लालच हाय. तुमच्या आज्याचंच हाय त्ये. तुमी पुण्यात जाऊन बदलून आलाव आसल तर ठाव न्हाय.” लोकांना हसू आवरेना. मग त्यानं अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं मी लिहिलं होतं, रक्तात काही दोष आढळल्यास व्यक्तिशः कळवले जाईल. “ह्ये व्यक्तिशः म्हंजी काय?”

“म्हणजे घरी येऊन सांगीन.”

“कुणाच्या घरी? माझ्या? तू?”

“हो.”

त्यानं सही केली आणि बाईंना म्हणाला, “काढा वो. ह्यो आला न्हाय घरी, तर समजायचं आपलं समदं बेस हाय.” त्याच्या नळीवर नंबर पडला सतरा.

पंधरा दिवसांनी तपासण्या झाल्या. पद्धत अशी, की निरोगी म्हणून घेतलेल्या प्रत्येक रक्तात आधी काविळीचे विषाणू बघायचे. सापडले, तर ते रक्त तुलनेत घ्यायचं नाही. वहीत नंबरपुढं ‘वगळला’ लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. कुठल्याही तक्त्यात तो नंबर परत दिसत नाही, कुणी विचारत नाही. सतरासमोर मी माझ्या हातानं ‘वगळला’ लिहिलं. सरांनी सांगितलं, “त्यांना कळव. तपासून घेऊ दे, गरज असेल तर रोजची गोळी असते, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची.” आठवडाभरानं त्यांनी विचारलं, “कळवलं ना?” मी म्हणालो, हो. पुन्हा महिन्यानं विचारलं. पुन्हा हो.

दिवाळीत मी गेलो होतो सांगायला. हे खरं आहे, पण याच्या आडोशाला मी फार वर्षं बसलोय, म्हणून पुढचंही सांगतो. रस्त्याकडेच्या भट्टीवर गेलो. दादा लांब दांड्याचं उलथणं घेऊन कढईशी उभा होता, दूध आटत आलं होतं. मला बघून हात थांबवला नाही. “का? हितला बी धूर मोजायला आलास? मीटर आनलाय का संगं?” गिऱ्हाइकं होती दोन, ती हसली. मला एका वाक्यात सांगता आलं असतं. बाजूला ये म्हणता आलं असतं. मी वळलो आणि चालू लागलो. रस्त्यानं चालताना माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं... बोल लेका, बोल. तुला काय माहीत तुझ्या आत काय आहे ते. मला माहीत आहे.

ते सुख होतं. पुढं कितीतरी वेळा तो चारचौघांत मला बोलला आणि दर वेळी मी आतल्या आत त्याच गोष्टीवर हात फिरवून आलो. नंतर सुख गेलं आणि भीती उरली. आता सांगितलं तर तो विचारणार, इतके दिवस कुठं होतास? एका वर्षानंतर सांगणं अवघड, पाच वर्षांनी अशक्य. दरम्यान माझा प्रबंध पुरा झाला, जिल्ह्याच्या गावी कॉलेजात नोकरी लागली. मायक्रोआरएनएवर व्याख्यानं देऊ लागलो. ‘यकृताच्या कर्करोगावर अचूक नेम’ अशा मथळ्याचा माझा लेख याच पुरवणीत आला. लोकांनी फोन करून शाबासकी दिली.

गेल्या उन्हाळ्यात रोहिणीचा फोन आला. दोन घरांतलं बोलणं बंद झालं तेव्हा ही जन्मलीही नव्हती. “काका, पप्पांच्या लिव्हरमध्ये गाठ निघालीय. तुमचा तो लेख मी वाचून दाखवला त्यांना. ते म्हणतात, त्याला बोलवा.” सोलापूरच्या दवाखान्यात मी त्यांना भेटलो. दादा निम्मा झाला होता, फक्त पोट आणि डोळे उरलेले. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. त्यांनी विचारलं, “यापूर्वी कधी कावीळ ‘ब’ची तपासणी केली होती का?”

“केली व्हती की,” दादा म्हणाला. “ह्यो बसलाय न्हवं, ह्येनंच केली. चौदा वर्सं झाली. काय निघालं न्हाय. मागं गावात सरकारी शिबिर झालं, आशाताई बोलवायला आली, म्या सांगितलं, माझी झालीय, पुण्याच्या मशिनीवर. निघालं आसतं तर सांगितलं आसतं ह्येनं. वैरी हाय, पर खोटा न्हाय.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. आताच्या रिपोर्टमध्ये विषाणू होता, जुना होता, यकृत आतून राठ झालेलं. ते म्हणाले, “तेव्हाची चाचणी चुकली असेल कदाचित. किंवा लागण नंतर झाली असेल.” आणि मी होकारार्थी मान हलवली. कुणी मला गप्प बसवलं नव्हतं. दादा समोर होता, वहिनी होत्या, पोर होती. चौदा वर्षांत सांगायला याच्याइतकी सोपी जागा आली नव्हती आणि पुढंही येणार नव्हती. मी मान हलवली.

पुढं दोनतीन महिने मी आठवड्याला गावी जात होतो. लोक म्हणायचे, वैर विसरून भाऊ धावला. दादा खाटेवर, मी खुर्चीत. तो आता मवाळ झाला असेल असं कुणाला वाटेल... नाही झाला. “हां, डाक्टर! आनलं का त्ये बारीक आरएनए? का लेखातच हाय?” अशी सुरुवात. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पेशीला थांबवणारे धागे हरवतात, मग ती वाढतच सुटते. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजी लाकूड वढ म्हननारा मानूस मेला. कढईला कोन न्हाय. करपनारच की.” इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं हे इतकं नीट सांगितलं नव्हतं. “मग त्यो मानूस परत उबा करा की कढईपशी. त्येच तर लिव्हलंय तू.”

मी सांगितलं, की तो धागा प्रयोगशाळेत तयार करता येतो, पण रक्तात तो टिकत नाही, म्हणून चरबीच्या बारीक बुडबुड्यात घालून पाठवतात. उंदरांत गाठी लहान झालेल्या दिसल्यात. माणसांवरच्या एका चाचणीत काहींना इतका त्रास झाला, की ती मधेच थांबवावी लागली. काम चालू आहे. अजून कुठं मिळत नाही.

“उंदरांत,” तो म्हणाला.

“हो.”

“इतकी वर्सं तुमी उंदरं बरी करायलाव?” त्याला हसू आलं आणि हसताना कळ आली. वहिनी धावत आल्या. तो हातानंच त्यांना बाजूला सारून मला म्हणाला, “लेखात लिव्हायचं की मग, उंदरांसाठी म्हनून. पोरीनं वाचलं तवा तिच्या डोळ्यांत काय आलं व्हतं त्ये तू न्हाय बगितलं. तुजं आर्ज लिव्हनं काय सुटलं न्हाय बग.” लेख खोटा नव्हता. ‘संभाव्य’, ‘प्राथमिक’, ‘आशादायक’ हे शब्द त्यात होते, जागच्या जागी होते. पण मथळ्यात नव्हते. आणि उद्याच्या त्या औषधाविषयी दोन हजार शब्द लिहिणाऱ्या माणसाला कालच्या एका गोळीविषयी एक वाक्य बोलता आलं नव्हतं.

तो गेला. दहाव्याला नदीकाठी पुरुषमाणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, “लिव्हर म्हंजी दारूच. चोरून घेत असनार.” दुसरं म्हणालं, “भट्टीवर रातंदिस एकटाच की. कुनाला दिसतंय?” दादानं जन्मात दारूला शिवलं नव्हतं, गिऱ्हाईक पिऊन आलं तर खवा द्यायचा नाही. मी तिथंच बसलो होतो. लोकांनी माझ्याकडं बघितलं, हा लिव्हरमधला जाणता म्हणून. एवढ्या अपमानालाही मी उत्तर दिलं नाही. पण त्या दिवशी काहीतरी तुटलं खरं. नदीवरून मी सरळ दादाच्या घरी गेलो. शालनवहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, रोहिणी तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. सतरा नंबर, वहीतलं ‘वगळला’, सरांना दिलेला हो, दिवाळीतली भट्टी, दवाखान्यातली मान... सगळं. फक्त सुखाचं राहिलं.

वहिनी रडल्या नाहीत. “भावजी,” त्या म्हणाल्या, “तुमी नदीवर पिंडाला हात जोडलं का?”

“जोडले.”

“कशापायी?”

रोहिणीचे हात सुपात तसेच थांबले होते. मी म्हणालो, तुम्हा दोघींनाही तपासून घ्यावं लागेल, हा आजार घरात एकापासून दुसऱ्याला लागू शकतो, पोरीला लागण नसेल तर लस आहे. वहिनींनी विचारलं, “त्यांचं येकट्याचंच निघालं व्हतं का?”

मी लसीचंच पुन्हा सांगू लागलो.

“मी काय इचारायले?”

“नाही,” मी म्हणालो. “दोघांचं निघालं होतं. दुसरा नंबर तेवीस.”

“तेवीस म्हंजी कोन?”

“आठवत नाही वहिनी. नावांची यादी काम संपल्यावर नष्ट करायची असते. केली.”

त्या पहिल्यांदा जरा हलल्या. “म्हंजी ज्याच्याशी वैर व्हतं त्याचं नाव ध्यानात ऱ्हायलं. आन ज्यानं तुमचं काय वाकडं केलं न्हवतं त्याचं इसरलं. बरं हाय तुमचं.” मग रोहिणीला म्हणाल्या, “ह्यांना वाट दाव.”

वाट मला माहीत होती. तरी पोर दारापर्यंत आली. तिनं एवढंच विचारलं, “काका, तेव्हा सांगितलं असतं तर पप्पा वाचले असते?” मी म्हणालो, नक्की कुणीच सांगू शकत नाही, पण बरीच शक्यता होती. “लेखात लिहिता तसं बोलू नका,” ती म्हणाली. मी म्हणालो, “हो. वाचला असता.”

दोघींनी तपासणी करून घेतली, हे मला आशाताईंकडून कळलं. वहिनींचा रिपोर्ट चांगला आला. रोहिणीचं काय निघालं ते विचारायला मी फोन केला, तर वहिनींनी तिच्या हातातून घेतला. “तुमी कळवलं न्हवतं. आमी बी कळवनार न्हाय.” फोन बंद. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लावला. लागला नाही. मला अजून माहीत नाही.

आशाताईंना धरून मी त्या जत्रेच्या दिवशीची यादी आठवणीतून परत मांडली. कोण कुणाच्या मागं रांगेत होतं, कुणाला चक्कर आली, कुणी रक्त देऊन वर बिस्किटं मागितली. गेले चार रविवार मी दारोदार जातोय. काहींनी दार लावून घेतलं. एकानं ओट्यावर बसवून, चहा पाजून, सावकाश शिव्या दिल्या. “आमचं रगत नेलंस, पदवी आनलीस, आन आमाला काय आनलंस?” पण तो दुसऱ्या दिवशी तपासायला गेला. बरेच जण गेले. आतापर्यंतचे रिपोर्ट चांगले आहेत. दोघं मध्यंतरी वारले, कशानं ते घरच्यांना नीट सांगता येत नाही. आणि चार जण मिळत नाहीत. ते जत्रेला आलेले पाहुणे होते, दोन बाया, दोन पुरुष, येरमाळ्याकडचे की कळंबकडचे यावर गावात एकमत नाही.

म्हणून हे पुरवणीत छापायला देतोय. दादाची माफी मागायला नाही. तो देणारा नव्हता आणि आता विचारायचीही सोय नाही. चौदा वर्षांपूर्वी, भूमजवळच्या एका गावात, खंडोबाच्या जत्रेत, देवळाच्या मंडपात तुम्ही किंवा तुमच्या घरच्या कुणी रक्त दिलं असेल, आणि नंतर कुणी काही सांगायला आलं नसेल, तर सगळं चांगलं आहे असं समजू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन कावीळ ‘ब’ची तपासणी करा. घरच्यांचीही करा.

तेवीस नंबरचा माणूस कोण, हे मला माहीत नाही. तो जिवंत असेल तर ‘तुझ्या रक्तात विषाणू आहे’ एवढं त्याला तोंडानं सांगणं माझ्याकडून राहिलेलं आहे. ते मी त्याचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.